आटे जुळले, तर सायकल

मिरज जंक्शनच्या फलाटांवर एकेकाळी एक मोठी गंमत पाहावयास मिळत असे. पुण्याकडून येणारा लोहमार्ग १९७१ साली रुंद झाला. त्याच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. बेळगावकडे जाणारा मार्ग त्या वेळी मीटरगेज, म्हणजे १००० मिलिमीटरचा होता. आणि बार्शी लाइट रेल्वेने बांधलेला पंढरपूर-कुर्डुवाडीकडील मार्ग अवघा ७६२ मिलिमीटर रुंदीचा. तीनही गाड्या लोखंडाच्या, तीनही रुळांवरून धावणाऱ्या. पण एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर जाणे शक्य नव्हते. मालाची पोती एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागत. आज हे सारे मार्ग एकाच मापाचे झाले आहेत आणि ती हमाली संपली आहे.

मित्रहो, तुम्ही म्हणाल, सायकलवरच्या लेखात ही रेल्वे कशाला? कारण तुमच्या सायकलमध्येही अशी मिरज जंक्शने पाच-सहा तरी असतात. तेथे दोन भाग एकमेकांना भेटतात. मापे जुळली, तर सायकल वर्षानुवर्षे चालते. न जुळली, तर काय होते, ते एका विद्यार्थ्याच्या अनुभवावरून पाहू.

मामांची फ्रेम

सांगलीच्या एका शाळेतील हा दहावीचा विद्यार्थी. त्याचे मामा साताऱ्याला राहतात. मामांनी तरुणपणी परदेशातून शर्यतीच्या सायकलची एक फ्रेम आणली होती. चाके, साखळी, ब्रेक केव्हाच निकामी झाले होते. पण पोलादी नळ्यांची ती फ्रेम माळ्यावर शाबूत राहिली. मामा म्हणाले, "भाच्या, फ्रेम तुझी. बाकीचे भाग तू जमव. आणि पहिली फेरी सांगलीहून माझ्या घरापर्यंत मारायची!" आष्टा, पेठ नाका, कऱ्हाडमार्गे हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे.

मुलाने दोन वर्षे साठवलेले पैसे बाहेर काढले. पायडलचा दांडा फ्रेमच्या ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो, तेथील कप गंजले होते. आपल्याकडचे मेकॅनिक या जागेला बी.बी. म्हणतात. मुलाने नवे कप आणि दांडा विकत आणला. उजवा कप लागेचना. डावा मात्र छान आत गेला. दोन फेरे, अडीच फेरे, आणि अडकला. मुलाने लांब दांड्याचा पाना घेतला आणि जोर लावला. कर्रर्र असा आवाज आला. सुदैवाने त्या आवाजाने तो घाबरला, थांबला, आणि फ्रेम खांद्यावर घेऊन दुसऱ्या दिवशी माझ्याकडे प्रयोगशाळेत आला. "सर, आत जातोय, पण मग अडकतोय," एवढेच तो म्हणाला.

व्हर्नियरने पकडलेला चोर

आम्ही व्हर्नियर कॅलिपर काढला. नव्या कपाचा बाहेरील व्यास ३४.८ मिलिमीटर भरला. फ्रेममधून काढलेल्या जुन्या, गंजक्या कपाचा व्यास साफ केल्यावर ३५.० मिलिमीटर भरला. फरक अवघ्या ०.२ मिलिमीटरचा. नवा कप थोडा बारीकच होता, म्हणून तो सहज आत शिरला. मग अडला का?

उत्तर आट्यांच्या अंतरात होते. नव्या कपावर एका इंचात २४ आटे होते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून दोन आट्यांतील अंतर २५.४ ÷ २४ = १.०५८ मिलिमीटर. जुन्या कपावर हे अंतर बरोबर १ मिलिमीटर होते. एका आट्यात ०.०५८ मिलिमीटरचा फरक व्हर्नियरला कळत नाही. मग तो मोजायचा कसा? एक आटा मोजूच नका, दहा मोजा! दहा आट्यांचे अंतर जुन्या कपावर १०.० मिलिमीटर आणि नव्यावर जवळजवळ १०.६ मिलिमीटर भरले. चोर सापडला.

आता काय घडले ते ध्यानात येईल. व्यासातील थोड्याशा फटीमुळे पहिले दोन आटे ही चूक पोटात घालतात. पुढे चूक साचत जाते. दहा आट्यांनंतर ती अर्ध्या आट्याहून अधिक होते. म्हणजे कपाच्या उंचवट्यासमोर फ्रेमची खाच येण्याऐवजी उंचवटाच येतो. त्यावर जोर लावला, की कठीण पोलादाचा कप फ्रेममधील मऊ पोलादाचे आटे खरवडून काढतो. कप दुकानात परत मिळेल. फ्रेमचे आटे मिळणार नाहीत.

मामांची फ्रेम जुन्या फ्रेंच मापाची होती आणि कप इंग्लिश मापाचे. इटालियन माप आणखी वेगळे : व्यास ३६ मिलिमीटर आणि इंचाला २४ आटे. आज आट्यांच्या बहुतेक फ्रेमना इंग्लिश माप असते. काही नव्या फ्रेमना तर आटेच नसतात; त्यांत बेअरिंग दाबून बसवतात. म्हणून फ्रेम हाती आली, की पहिला प्रश्न विचारायचा : हिचे नळकांडे कोणत्या मापाचे आहे?

उलट्या आट्यांचे कोडे

उजवा कप मुळीच का लागला नाही? इंग्लिश मापात उजव्या कपाचे आटे उलटे असतात. तो डावीकडे फिरवला की घट्ट होतो. मामांच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंचे आटे सुलटे होते. मग इंग्लिश कारागिरांनी हा उलटा खटाटोप कशासाठी केला?

एक प्रयोग करा. एका बांगडीत पेन्सिल उभी धरा. पेन्सिल बांगडीच्या आतल्या कडेला टेकवून, न घसरू देता, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कडेकडेने लोळवा. पेन्सिलीवर खूण केली असेल, तर दिसेल की ती स्वतःभोवती उलट दिशेने फिरते. कपाचेही तसेच आहे. सायकलच्या उजव्या बाजूने पाहिले, तर पायडल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात आणि दाबाचा बिंदूही त्याच दिशेने सरकत जातो. त्यामुळे कप किंचित किंचित उलट दिशेने लोळू पाहतो. आटे सुलटे असतील, तर तो हळूहळू सैल होईल. आटे उलटे असतील, तर त्याच हालचालीने तो घट्ट होईल! इटालियन आणि फ्रेंच पद्धतीत ही सोय नाही, म्हणून तेथे उजवा कप फार घट्ट आवळावा लागतो.

डाव्या पायडलचे आटेही उलटे असतात. आज घरी जाऊन पाहा. पायडल बदलताना ही गोष्ट न ठाऊक असल्यामुळे कितीतरी क्रँकचे आटे गेले आहेत.

बंदुका, नांगर आणि सायकल

भाग जुळावेत, ही कल्पना आपणांस स्वाभाविक वाटते. पण १८४१ पूर्वी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीप्रमाणे आटे पाडीत असे. त्या वर्षी जोसेफ व्हिटवर्थ याने सर्वांसाठी एकच माप सुचवले. सायकलच्या इंग्लिश मापाला आज बी.एस.ए. असे म्हणतात. ही अक्षरे 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स' या बंदुका बनवणाऱ्या कंपनीची आहेत. एका बंदुकीचा भाग दुसरीला बसावा, ही तिची शिस्त सायकलच्या कामीही आली.

आपल्या मुलुखातील गोष्टही ऐकण्यासारखी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांनी आणि त्यांचे बंधू रामचंद्रराव यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे तेथून लोखंडी नांगर निघाले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे, तर औंध सातारा जिल्ह्यात. अमेरिकेतील राइट बंधूही विमानापूर्वी सायकलीच दुरुस्त करीत व बनवीत. सायकल ही यंत्रशास्त्राची पहिली शाळा आहे, ती अशी.

भारतात मापांची शिस्त लावण्यासाठी १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहते.

चाकांच्या नावांवर जाऊ नका

दुसरे जंक्शन म्हणजे चाक. येथे नावे फार फसवी आहेत. आपल्या दणकट काळ्या सायकलीचे चाक २८ इंची म्हणतात. शर्यतीच्या सायकलीच्या ७०० सी या चाकालाही पुष्कळदा २८ इंची म्हणतात. शिवाय २७ इंची म्हणून तिसरे चाक आहे. आता टायरची कड रिमवर ज्या वर्तुळात बसते, त्याचा व्यास पाहा : काळ्या सायकलीच्या २८ × १½ चाकाचा ६३५ मिलिमीटर, २७ इंचीचा ६३० मिलिमीटर, आणि ७०० सी चा ६२२ मिलिमीटर. म्हणजे ज्याला २७ इंची म्हणतात, ते ७०० सी हून मोठे निघाले!

६२२ चा टायर ६३० च्या रिमवर चढतच नाही. ती निदान निरुपद्रवी चूक आहे. पण ६३० चा टायर ६२२ च्या रिमवर सहज चढतो, हवाही धरतो, आणि भर वेगात रिमवरून निसटतो. म्हणून नाव वाचू नका, टायरच्या कडेवरील आकडे वाचा. '२५-६२२' असे लिहिलेले असेल, तर २५ ही टायरची रुंदी आणि ६२२ हा कडेचा व्यास.

चाकावरून ब्रेक ठरतो. फ्रेममधील ब्रेकच्या छिद्रापासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. शर्यतीच्या सायकलींचे नेहमीचे आखूड ब्रेक ३९ ते ४९ मिलिमीटरपर्यंत पोहोचतात. लांब हाताचे ४७ ते ५७ पर्यंत. आमच्या फ्रेमला हे अंतर ५२ भरले. आखूड ब्रेक घेतला असता, तर रबराचा तुकडा रिमऐवजी टायरला घासला असता आणि टायर फाटला असता.

ही गोष्ट किती गंभीर आहे? कास पठार साताऱ्यापेक्षा सुमारे ५०० मीटर उंच आहे. स्वार आणि सायकल मिळून ७० किलोग्रॅम धरू. यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात येईपर्यंत ७० × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे ३ लाख ४३ हजार जूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे ३ लाख १४ हजार जूल लागतात. या ऊर्जेचा काही भाग हवा घेते. उरलेला त्या चार रबरी तुकड्यांना आणि रिमना घ्यावा लागतो. बाकी कोणत्याही भागात काटकसर करा, ब्रेकमध्ये नको.

मागचा चिमटा

तिसरे जंक्शन मागच्या चाकाचे. फ्रेमच्या मागील दोन टोकांमधील अंतर आणि हबची लांबी एकच हवी. जुन्या सहा-सात गिअरच्या शर्यतीच्या सायकलींत हे अंतर १२६ मिलिमीटर असे. आठ ते अकरा गिअरच्या रिम-ब्रेकच्या हबना १३० मिलिमीटर लागतात. मामांची फ्रेम १२६ ची होती.

येथे फ्रेमच्या धातूकडे पाहावे लागते. पोलाद चिवट असते. कुशल कारागीर पोलादी फ्रेमची दोन्ही टोके प्रत्येकी २ मिलिमीटर बाहेर वाकवून आणि पुन्हा समांतर करून १३० मिलिमीटर करू शकतो. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग मुळीच करू नये. त्यांत तडा पडतो आणि तो कधीकधी दिसतही नाही.

सांगलीचे गिअर आणि साताऱ्याचे गिअर

सांगली कृष्णाकाठी, सपाट. सातारा डोंगरांच्या कुशीत. मुलाने मामांच्या सल्ल्यावरून पुढे ५२ व ४२ दात्यांची आणि मागे १३ ते २१ दात्यांची चक्रे घेण्याचे ठरवले होते. सांगलीत ती उत्तम चालतील. घाटात काय होईल?

७०० सी च्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. सर्वांत हलका गिअर ४२ ÷ २१ = २. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ४.२ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे धरले, तर वेग ताशी १५ किलोमीटर होतो. चढ शंभरात ६ चा असेल, तर केवळ उंची गाठण्यासाठी ७० × ९.८ × ०.०६ = ४१ न्यूटन बल लागते आणि सेकंदाला ४.२ मीटर या वेगाने सुमारे १७३ वॅट शक्ती. शाळकरी मुलाला ती तासभर टिकवणे कठीण आहे. वेग कमी करायचा, तर पाय इतके मंद फिरतात की गुडघ्यांवर ताण येतो.

आता पुढे ३४ आणि मागे ३२ दाते घ्या. गुणोत्तर १.०६, एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर. त्याच ६० फेऱ्यांना वेग ताशी ८ किलोमीटर आणि शक्ती सुमारे ९२ वॅट. काम तेवढेच आहे, पण ते दुप्पट वेळेत वाटले गेले. मुलाचा विचार तेथेच बदलला.

पण नुसती चक्रे बदलून भागत नाही. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या डिरेलरला आणखी एक काम असते : सैल पडणारी साखळी गोळा करण्याचे. त्याचा हिशेब सोपा आहे. पुढील मोठ्या व लहान चक्रांच्या दात्यांतील फरक अधिक मागील मोठ्या व लहान चक्रांच्या दात्यांतील फरक. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ असेल, तर १६ + २१ = ३७ दाते. डिरेलरची क्षमता यापेक्षा कमी असेल, तर साखळी लोंबेल किंवा इतकी ताणली जाईल की डिरेलर मोडेल. शिवाय मागचे सर्वांत मोठे चक्र त्याला झेपते का, हेही पाहावे.

जपानच्या शिमानो कंपनीने १९८४ साली शर्यतीच्या सायकलींसाठी टक्-टक् असा आवाज करीत नेमके एकेक घर सरकणारे गिअर आणले, तेव्हापासून जुळणीची आणखी एक अट आली. नऊ चक्रांच्या संचात दोन चक्रांच्या मध्यांतील अंतर ४.३५ मिलिमीटर असते, दहाच्या संचात ३.९५. नऊचा खटका दहाच्या संचाला जोडला, तर प्रत्येक घराला ०.४० मिलिमीटर चूक. आठ घरांत ३.२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक अख्खे चक्र! पाहा, आट्यांचाच न्याय येथेही लागू पडला. लहान चूक साचत जाते. म्हणून खटका, डिरेलर, चक्रांचा संच आणि साखळी एकाच घराण्यातील घ्यावीत.

शेवटी काय झाले?

सीटच्या दांडीची मापे ०.२ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी बदलतात आणि हँडल पकडणाऱ्या भागाची २५.४, २६.० आणि ३१.८ अशी असतात. आम्ही सर्व मापे वहीत उतरवली. मगच त्याने एकेक भाग जमवावयास सुरुवात केली. डाव्या बाजूचे बाहेरचे दोन आटे खरवडले होते. आतले शाबूत होते. तो पहिल्याच आवाजाला थांबला, म्हणून फ्रेम वाचली. आणखी दोन फेरे जोर लावला असता, तर नळकांडे मोठे करून ३६ मिलिमीटरचे इटालियन आटे पाडणे किंवा आट्यांविना पकड घेणारा खास बी.बी. शोधणे, एवढेच मार्ग उरले असते.

फ्रेंच मापाचे कप मिळण्यास चार महिने लागले. त्या चार महिन्यांत फ्रेम आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेली होती. तिच्याखाली त्याने स्वतःच्या हाताने एक पाटी लावली होती : 'आधी मोजा. अडले तर थांबा. जोर शेवटी नव्हे, कधीच नाही.'

सायकल उभी राहिली ती दिवाळीच्या सुट्टीत. पहाटे सांगलीहून निघालेला मुलगा दिवेलागणीला साताऱ्यात पोहोचला. मामांनी आधी भाच्याकडे पाहिले नाही. त्यांनी खाली वाकून बी.बी. हलवून पाहिला. तो तसूभरही हलला नाही.

तुम्ही करून पाहा

१. आपल्या सायकलच्या टायरवरील आकडे वाचा आणि रिमचा व्यास लिहा.
२. पुढील व मागील चक्रांचे दाते मोजून गुणोत्तर काढा. चाकाच्या परिघाने गुणल्यावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर जाते, ते येईल. मैदानावर खडूने खुणा करून उत्तर पडताळा.
३. कोणत्याही दोन बोल्टांचे दहा-दहा आटे मोजा. दोन्हींचे माप एकच आहे का? नसेल, तर एकाचा नट दुसऱ्याला किती फेरे जातो, ते बोटांनीच पाहा. पाना मात्र वापरू नका!